फाईल गायब असो की खराब, सर्च बंद पडू नये आणि खोटंही बोलू नये: पायरी पायरीनं कसं करायचं

आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात हल्ली प्रत्येक वाचनालयात, सोसायटीत, शाळेत कुणीतरी जुनी रजिस्टरं टाईप करून किंवा स्कॅन करून कॉम्प्युटरवर घेतलेली असतात, आणि त्यावर गावातल्याच एखाद्या पोरानं पायथनमध्ये छोटा सर्च प्रोग्राम करून दिलेला असतो. काम चांगलं आहे. पण त्यातले बहुतेक प्रोग्राम दोन ठिकाणी चुकतात. एक म्हणजे चारशे फायलींमधली एक खराब निघाली की सगळा प्रोग्राम आडवा पडतो. दुसरं म्हणजे तो आडवा पडू नये म्हणून खराब फाईल गुपचूप सोडून द्यायची आणि "नोंद सापडली नाही" असं दाखवून मोकळं व्हायचं.

दुसरी चूक पहिलीपेक्षा कितीतरी वाईट. मी स्वतः ती केलेली आहे. खानापूरकडच्या एका सोसायटीत मी सर्च बसवून दिला होता, तिथं एक आजी वारलेल्या नवऱ्याच्या शेअर्सची चौकशी करायला आल्या. क्लार्कनं नाव टाकलं, स्क्रीनवर शून्य आलं, आणि तो म्हणाला, "आजी, मालकांचं नाव नाही हो यात." आजी परत गेल्या. नंतर कपाटातलं रजिस्टर काढलं तर नाव होतं. त्या वर्षाची फाईल कॉपी करताना अर्धीच उतरली होती आणि माझा कोड ती वगळून पुढं गेला होता, कुणाला काही न सांगता.

म्हणून हा सगळा लेख एकाच गोष्टीसाठी आहे: "सापडलं नाही" आणि "बघता आलं नाही" ही दोन वेगळी उत्तरं आहेत, आणि प्रोग्रामनं ती वेगळीच दिली पाहिजेत. उदाहरणं पायथन (प्रोग्राम लिहायची भाषा) आणि एसक्यूलाइट (एकाच फाईलमध्ये राहणारा छोटा डेटाबेस) यांची घेतलीत, पण क्रम कुठल्याही भाषेत हाच.

## पायरी १: बिघाड कुठले कुठले, ते आधी कागदावर लिहा

कोड उघडू नका अजून. फाईल "खराब" म्हणजे नेमकं काय, हे न ठरवता लिहायला बसलं की सगळं एकाच एररमध्ये कोंबलं जातंय. निदान एवढे प्रकार वेगळे धरा:

- फाईल जागेवरच नाही.
- आहे, पण उघडू देत नाही. विंडोजवर दुसऱ्या कुणी एक्सेलमध्ये उघडून ठेवली असेल तर कधी कधी असंच होतंय, आणि ती काही खराब फाईल नव्हे, पाच मिनिटांनी पुन्हा बघायची फाईल आहे.
- आहे, पण शून्य बाइटची, म्हणजे आतून रिकामी.
- अर्धवट आहे, शेपूट तुटलंय.
- साईज बरोबर, पण आतले काही बाइट बदललेत.
- फाईल धडधाकट आहे, फक्त मजकूर युनिकोडमध्ये (प्रत्येक लिपीच्या अक्षराला ठरलेला आकडा देणारी जागतिक पद्धत) नाही.

शेवटचा प्रकार आपल्याकडं फार. मराठी मजकूर श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये, कन्नड मजकूर नुडी किंवा बरहाच्या जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेला असतो. फाईल उघडते, फॉन्ट असेल तर अक्षरंही नीट दिसतात, पण आत खरं तर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा कोड असतो, त्यामुळं "पाटील" शोधलं तर जन्मात सापडणार नाही. एरर येत नाही म्हणून कुणाला कळतही नाही. ओळखायची सोपी युक्ती: फाईलमधली किती टक्के अक्षरं देवनागरी किंवा कन्नड युनिकोडमध्ये बसतात ते मोजा. मराठी रजिस्टरची फाईल आणि देवनागरी जवळजवळ शून्य, तर तिला "फॉन्ट बदलायचा बाकी" असा शिक्का मारा आणि बघता न आलेल्यांत धरा.

## पायरी २: हजेरीपट तयार करा

शाळेत मास्तर वर्गात बसलेली पोरं मोजून थांबत नाहीत, हजेरीपटावरची नावं वाचतात, म्हणून कोण आलं नाही ते कळतं. आपला प्रोग्राम काय करतोय? फोल्डर उघडतो आणि दिसतील त्या फायली वाचतो. मग जी फाईल गायब आहे ती गायब आहे हे त्याला कळणार कसं? त्याच्या लेखी ती कधी नव्हतीच.

म्हणून एक यादी करा, प्रत्येक फाईलसाठी एक ओळ: फोल्डरपासूनचा पाथ, साईज, एसएचए-२५६ हॅश (फाईलवरून काढलेला ठसा, आतला एक बाइट बदलला तरी तो बदलतो), एन्कोडिंग (अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत), आणि आत किती नोंदी असायला हव्यात. पाथमध्ये ड्राइव्हचं अक्षर घालू नका, पेन ड्राइव्ह दुसऱ्या पोर्टला लावली की डी चं ई होतंय आणि सगळी शाळाच गैरहजर दिसायला लागते.

सावधान: हॅश काढायच्या आधी फाईल उघडून डोळ्यांनी बघा. पहिली नोंद, शेवटची नोंद, मधली एखादी, आणि नोंदींचा आकडा रजिस्टरशी जुळतोय का. आधीच तुटलेल्या फाईलचा हॅश काढून ठेवलात तर पुढं प्रोग्राम त्या तुटलेल्या फाईललाच "बरोबर" म्हणत राहील.

आणखी एक, मूळ फायलींवर काम करू नका. एक कॉपी वेगळ्या डिस्कवर ठेवा, आणि सर्च ज्या फोल्डरवर चालणार तिथं प्रोग्रामला फक्त वाचायची परवानगी द्या. शोधणाऱ्याला लिहायचं कामच काय?

तपासणी: यादीतला आकडा आणि फोल्डरमधला आकडा जुळतो का? नसेल तर बहुतेक वेळा वर्ड-एक्सेलच्या तात्पुरत्या लपलेल्या फायली मोजल्या गेल्यात, किंवा देवनागरी नावाच्या फायली झिपमधून काढताना नावं विस्कटलीत. जुन्या झिप टूलमध्ये हे हमखास होतंय. फायलींना आकड्यांची साधी नावं द्या, मराठी नाव यादीत वेगळ्या रकान्यात ठेवा.

## पायरी ३: सर्चच्या आधी दारातच एक चाचणी

एक फाईल नसणं वेगळं आणि सगळा ड्राइव्ह नसणं वेगळं. केबल निसटली, नेटवर्कवरचा फोल्डर जोडला गेला नाही, तर चारशे फायलींच्या चारशे एरर दाखवण्यात अर्थ नाही. डेटाच्या मुख्य फोल्डरमध्ये एक छोटी खुणेची फाईल ठेवा. ती दिसली नाही तर सर्च सुरूच करू नका, सरळ सांगा: "डेटाचा ड्राइव्ह जोडलेला नाही."

तसंच एक मर्यादा ठरवा. मी दहातल्या दोन फायली गेल्या की थांबतो, तुम्ही तुमच्या कामाप्रमाणं ठरवा, पण ठरवा. चारशेतल्या सहा फायली नसताना आलेला निकाल उपयोगी असतो, तीनशे नसताना आलेला निकाल दाखवूच नये.

## पायरी ४: प्रत्येक फाईल आपापल्या डब्यात

आता कोड. ट्राय-एक्सेप्ट (चूक आली तर ती पकडायची पायथनची सोय) लूपच्या, म्हणजे एकेक फाईल घेत फिरणाऱ्या भागाच्या, बाहेर नको, आत. बाहेर असेल तर पहिल्याच खराब फाईलपाशी लूप संपतो आणि पुढच्या चांगल्या फायलीही राहून जातात. क्रम असा:

१. यादीतली पुढची फाईल घ्या.
२. उघडा, वाचा, शोधा, हे तिन्ही एकाच ट्रायमध्ये.
३. नीट झालं आणि साईज, हॅश हजेरीपटाशी जुळले तर "पूर्ण बघितली" असा शेरा आणि सापडलेल्या नोंदी.
४. चुकलं किंवा जुळलं नाही तर कुठल्या प्रकारची चूक, तो शेरा, आणि चूक येईपर्यंत सापडलेल्या नोंदी असल्या तर त्याही.
५. लॉगमध्ये (प्रोग्रामच्या नोंदवहीत) ओळ लिहा आणि पुढं चला.

दुसऱ्या मुद्द्यावर लोक फार चुकतात. फक्त उघडण्याची ओळ ट्रायमध्ये घालतात आणि वाचायचा लूप बाहेर ठेवतात. पण पायथनमध्ये फाईल उघडली म्हणजे वाचली असं नाही, एन्कोडिंगची चूक ओळी वाचत जाताना कुठंतरी मध्येच येते, आणि तोवर तुम्ही ट्रायच्या बाहेर पडलेले असता.

चौथा मुद्दाही महत्त्वाचा. तुटलेल्या फाईलच्या पहिल्या अर्ध्या भागात आजींच्या मालकांचं नाव असेल तर ते टाकून का द्यायचं? दाखवा, पण शेजारी "अर्धवट फाईलमधून" असं लिहा.

आधी "फाईल आहे का" विचारून मग उघडायची सवय सोडा. विचारणं आणि उघडणं यांच्या मध्येही फाईल जाऊ शकते. थेट उघडा आणि फाईल नॉट फाउंड एरर, परमिशन एरर, युनिकोड डीकोड एरर असे वेगवेगळे पकडा.

सावधान: नुसतं एक्सेप्ट आणि खाली पास (म्हणजे "काही करू नको, पुढं चल"), हे कधीही लिहू नका. त्यात तुमच्याच कोडमधली स्पेलिंगची चूकसुद्धा "खराब फाईल" म्हणून गडप होते, आणि कंट्रोल-सी दाबलं तरी प्रोग्राम थांबत नाही, कारण नुसतं एक्सेप्ट तेही गिळतंय.

## पायरी ५: देवनागरी वाचताना

यूटीएफ-८ मध्ये (युनिकोड मजकूर फाईलमध्ये साठवायची नेहमीची पद्धत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं. "बेळगाव" हा शब्द घ्या: ब, एकाराची मात्रा, ळ, ग, काना, व, अशी ६ चिन्हं म्हणजे १८ बाइट. कॉपी होताना लाईट गेली आणि फाईल १७ व्या बाइटवर तुटली तर शेवटच्या "व" चे दोनच बाइट राहतात, आणि कडक पद्धतीनं वाचणारा प्रोग्राम तेवढ्यासाठी सगळी फाईल नाकारू शकतो. आपल्याकडं पावसाळ्यात लाईटचं काही खरं नसतं, तेव्हा हा प्रकार बघायला मिळणारच.

यावर नेटवर उपाय मिळतो तो म्हणजे डीकोड करताना, म्हणजे बाइटांची अक्षरं करताना, "इग्नोर" लावा. लावू नका. इग्नोर खराब बाइट चुपचाप काढून टाकतो आणि आजूबाजूची अक्षरं चिकटवतो. "पाटील" मधल्या दीर्घ वेलांटीचा पहिला बाइट बिघडला तर वेलांटीच गळते आणि उरतं "पाटल". आडनावच बदललं की हो! कुठलीही एरर नाही, कुठलीही खूण नाही.

त्याऐवजी "रिप्लेस" वापरा. तो खराब जागी बदली चिन्ह ठेवतो, ते काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह आपण सगळ्यांनी बघितलेलं असतं. मग फाईलमध्ये अशी किती चिन्हं आली ते मोजा. एक जरी आलं तरी फाईलचा शेरा "पूर्ण" नव्हे, "डागी". आणि अशी वाचलेली फाईल परत मूळ नावानं सेव्ह करू नका, मग दुरुस्तीचा रस्ताच बंद होतो.

एक्सेलचे दोन घोटाळे वेगळे सांगतो कारण आठवड्याला एक फोन येतोच. पहिला, एक्सेलनं यूटीएफ-८ सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी टेक्स्ट फाईल) केली की फाईलच्या अगदी सुरुवातीला न दिसणारी बीओएम खूण असते, त्यामुळं पहिल्या रकान्याचं नाव जुळत नाही आणि "नाव" रकानाच नाही अशी एरर येते. वाचताना यूटीएफ-८-सिग हे एन्कोडिंग द्या, प्रश्न मिटला. दुसरा जास्त वाईट: साध्या सीएसव्हीत सेव्ह केलं की देवनागरीच्या जागी खरीखुरी प्रश्नचिन्हं बसतात. ही फाईल उघडते, डीकोड होते, एरर शून्य, पण मजकूर कायमचा गेलेला. सलग चार-पाच प्रश्नचिन्हं दिसली की फाईल बाजूला काढा, ती दुरुस्त होत नाही, मूळ कॉपीच आणावी लागते.

## पायरी ६: फॉरमॅटप्रमाणं खोड वेगळी

जेसनची (कंसांत नोंदी मांडायचा टेक्स्ट फॉरमॅट) एकच मोठी फाईल असेल तर एका कंसापायी सगळं जातंय. प्रत्येक ओळीला एक नोंद अशी मांडणी करा, मग एक ओळ बिघडली तर एकच नोंद जाईल.

झिपची यादी फाईलच्या शेवटी असते, त्यामुळं शेपूट तुटलं की सगळी झिप उघडत नाही. वर्ड आणि एक्सेलच्या नव्या फायली आतून झिपच असतात, त्यांनाही तेच लागू. पीडीएफमध्येही आतल्या भागांचा पत्ता सहसा शेवटीच असतो. म्हणून स्कॅनच्या पीडीएफमधला मजकूर एकदाच काढून साध्या टेक्स्ट फाईलमध्ये ठेवा आणि सर्च त्यावर चालवा. पीडीएफ फक्त दाखवायला.

एसक्यूलाइटपाशी मात्र थांबायला हवं, कारण इथला सापळा भल्याभल्यांना दिसत नाही. डेटाबेसची फाईल गायब असेल आणि तुम्ही नेहमीसारखं कनेक्ट केलंत तर एरर येत नाही, एसक्यूलाइट त्या नावानं नवीन रिकामा डेटाबेस उघडून देतो. कोडच्या सुरुवातीला "टेबल नसेल तर तयार करा" ही ओळ असेल, आणि ती सगळ्यांच्या कोडमध्ये असतेच, तर टेबलही तयार होतंय. मग सर्च अगदी शहाण्यासारखा चालतो आणि सांगतो: शून्य नोंदी. इंटिग्रिटी चेक (डेटाबेस आतून शाबूत आहे का ती तपासणी) चालवलात तर तोही म्हणतो "ओके", कारण रिकामा डेटाबेस खरंच ठीक असतो.

उपाय: शोधताना डेटाबेस युआरआय पद्धतीनं (फाईलच्या पत्त्यातच मोड लिहून) रीड-ओन्ली, म्हणजे फक्त वाचायच्या, मोडमध्ये उघडा, फाईल नसेल तर एरर येईल. त्यानंतर नोंदींचा एकूण आकडा हजेरीपटावरच्या आकड्याशी ताडा. मगच इंटिग्रिटी चेक. फाईल मोठी असेल तर रोज क्विक चेक (तीच तपासणी थोडक्यात) आणि आठवड्यातून एकदा पूर्ण चेक चालतो.

सावधान: डेटाबेस वॅल मोडमध्ये (नवे बदल आधी वेगळ्या फाईलमध्ये लिहायची पद्धत) असेल तर शेजारी वॅल नावाची दुसरी फाईल असते. चालू प्रोग्राममधून फक्त मुख्य फाईल पेन ड्राइव्हवर ओढून नेलीत तर ताज्या नोंदी मागं राहू शकतात. कॉपीसाठी एसक्यूलाइटची बॅकअप सोयच वापरा.

## पायरी ७: इंडेक्स फाईलसुद्धा फाईलच आहे

वेगासाठी इंडेक्स (कुठला शब्द कुठल्या फाईलमध्ये आहे याची आधीच केलेली यादी) करत असाल तर दोन नियम. इंडेक्स लिहिताना थेट जुन्यावर लिहू नका. त्याच फोल्डरमध्ये तात्पुरत्या नावानं पूर्ण लिहा, डिस्कवर उतरल्याची खात्री करा, आणि मग नाव बदलून जुन्याच्या जागी ठेवा. मध्ये लाईट गेली तरी जुना इंडेक्स शाबूत राहतो. तात्पुरती फाईल दुसऱ्या ड्राइव्हवर ठेवली तर ही युक्ती चालत नाही.

दुसरा नियम: फाईल दिसली नाही म्हणून इंडेक्समधून तिच्या नोंदी पुसू नका. रात्री आपोआप इंडेक्स होतोय, नेमका त्या रात्री ड्राइव्ह जोडलेला नाही, सकाळी सगळा इंडेक्स रिकामा. नोंदी राहू द्या, त्यांच्यापुढं "मूळ फाईल सध्या जागेवर नाही" एवढं लिहा. शोधणाऱ्याला निदान कुठल्या रजिस्टरात, कितव्या पानावर ते तर कळेल, आणि तो कपाट उघडून बघू शकेल. इंडेक्सच बिघडला तर दुरुस्त करत बसू नका, मूळ फायलींवरून नवा बनवा.

## पायरी ८: उत्तर कसं दाखवायचं

इतकं सगळं केलं आणि स्क्रीनवर नुसतं "० निकाल" लिहिलं तर काही उपयोग नाही. उत्तर तीन तऱ्हेचं हवं:

- "३ नोंदी सापडल्या. ४१२ पैकी ४१२ फायली बघितल्या."
- "नोंद सापडली नाही. ४१२ पैकी ४१२ फायली बघितल्या."
- "आतापर्यंत नोंद सापडलेली नाही. ४१२ पैकी ४०६ फायली बघितल्या, ६ बघता आल्या नाहीत. नाही म्हणून सांगण्याआधी ही रजिस्टरं बघा:" आणि खाली त्या सहा रजिस्टरांची मराठी नावं, वर्षासकट.

ही ओळ निकालाच्या वर, त्याच आकाराच्या अक्षरांत. कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलेलं काउंटरवरचा माणूस वाचत नाही, आणि त्याची चूक नाही, समोर लाईन असते. एररचा इंग्रजी मजकूर त्याला दाखवू नका, तो लॉगमध्ये. कन्नड बोलणारा क्लार्क असेल तर हीच तीन वाक्यं कन्नडमध्येही करून द्या.

एक बाजूची गोष्ट: १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नाव बेळगावी झालं, जुन्या कागदांत बेळगाव आणि बेलगाम दोन्ही. फायली धड असूनही नोंद सापडत नसेल तर आधी नावाची अशी रूपं जोडून बघा. "ऱ्य" सुद्धा दोन-तीन पद्धतींनी टाईप होतंय, शोधताना दोन्ही बाजूंचा मजकूर एकाच रूपात आणा.

## पायरी ९: मुद्दाम मोडून बघा

डेटाची वेगळी कॉपी घ्या आणि तिच्यावर हे सगळं करा: एक फाईल उडवा, एक शून्य बाइटची करा, एक मधोमध तोडा, एकीचा मधला एखादा बाइट बदला, एक एक्सेलमध्ये उघडी ठेवा, एका फाईलची वाचायची परवानगी काढा, एका फोटोचं नाव बदलून टेक्स्ट फाईल करा, डेटाबेसची फाईल हलवा, आणि शेवटी ड्राइव्हच काढा. प्रत्येक वेळी तेच एक नाव शोधा, जे चांगल्या फाईलमध्ये नक्की आहे.

तपासणी: नाव दर वेळी सापडलं पाहिजे (ड्राइव्ह काढला ती वेळ सोडून), बिघडवलेली फाईल यादीत योग्य शेऱ्यासह आली पाहिजे, आणि बघितलेल्या अधिक न बघितलेल्या फायलींची बेरीज हजेरीपटाएवढीच भरली पाहिजे. बेरीज एकानंही कमी आली तर कुठंतरी फाईल गुपचूप गळतेय, ती सापडेपर्यंत प्रोग्राम कुणाला देऊ नका.

## पायरी १०: नंतरची निगा

महिन्यातून एकदा सगळ्या फायलींचे हॅश पुन्हा काढून यादीशी ताडा. हॅश बदललेली फाईल पुसू नका, "तपासायच्या" फोल्डरमध्ये तिची कॉपी घाला आणि बॅकअपमधून चांगली आणा. ती आणल्यावर तिचाही हॅश बघा, बॅकअपही बिघडलेला असू शकतो. नवीन वर्षाची फाईल टाकली की त्याच दिवशी हजेरीपटात ओळ घाला, नाहीतर ती फाईल सर्चच्या लेखी नाहीच.

न बघता आलेल्या फायलींची यादी छापून काउंटरजवळ लावा, शेजारी त्या रजिस्टरांचा कपाट नंबर. खानापूरच्या त्या सोसायटीत आता तशी यादी लावलेली आहे, आणि क्लार्क स्क्रीनवर शून्य आलं की आधी तिकडं बघतो.